‘अपनेच आदमी है, कागद कायकू?’

मागच्या पावसाळ्यात औरंगाबादच्या जुन्या शहरातल्या आमच्या घराची मागची भिंत फुगली. प्लास्टरवर बोट वाजवले की आतून डब्यासारखा पोकळ आवाज यायचा. एका रात्री हात-दीड हाताचा पोपडा सुटून अम्मीच्या पलंगाच्या पायथ्याशी पडला. अम्मी वाचली, अल्लाहचा शुक्र. पण ते प्लास्टर जुने नव्हते. दोनच वर्षांपूर्वी चांगले पैसे मोजून आम्ही ते करून घेतले होते.

घर पणजोबांच्या काळातले. काळ्या दगडाचे जोते, त्यावर विटा आणि चुना, सागाचे खांब, सागाच्या तुळया, मधे अंगण, मागच्या बाजूला अजून माळवद. भिंती इतक्या जाड की खिडकीत मांडी घालून बसता येते. अब्बांच्या माघारी ते आम्हा चौघा भावंडांचे आणि अम्मीचे झाले. भाऊ म्हणाला, पाडून स्लॅब टाकू. अम्मी नाही म्हणाली. मग ठरले, दुरुस्त करू. मी शहरातच राहतो म्हणून जबाबदारी माझ्याकडे आली.

कंत्राटदार आमच्या ओळखीतला. अब्बांच्या जनाज्याला खांदा दिलेला माणूस. मी चाचरत म्हणालो, थोडे लिहून घेऊ या का? तो हसला. ‘भाईजान, अपनेच आदमी है, कागद कायकू?’ मला माझीच लाज वाटली. त्याच दिवशी अर्धी रक्कम रोख दिली. पावती घेतली नाही.

पुढे काय झाले ते जुन्या घरात राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. महिनाभर काम जोरात चालले. मग तीन माणसांचा एक झाला, तोही दुपारनंतर यायचा. फोन उचलणे बंद झाले. ‘एक्स्ट्रा काम’ निघत गेले. शेवटी चौरस फुटांवरून वाजले. दारे-खिडक्यांची जागा मापातून वजा करायची की नाही, हे आम्ही बोललोच नव्हतो. तो म्हणाला करत नाहीत, मी म्हणालो करतात. माळवदावरचे पाणी काढून देणारी पन्हळ बसवायची राहिली ती राहिलीच.

पण सगळा दोष त्याच्यावर ढकलणे खोटेपणाचे होईल. भिंत का फुगली हे मला दुसऱ्या गवंड्याने दाखवले तेव्हा कळले. सत्तरीचा माणूस, जालन्याकडचा. छिन्नीने पोपडा काढला, आतली वीट अंगठ्याने दाबली, ती ओल्या बिस्किटासारखी चुरली. म्हणाला, ‘साहेब, हे भिताड आजारी नव्हतं. ह्याला सिमिटानं आजारी पाडलं.’

जुनी भिंत जमिनीतली ओल शोषून घेते आणि चुन्यातून बाहेर सोडते. उन्हाळ्यात ती वाळते, पावसाळ्यात पुन्हा ओलावते. तिचा हा श्वास वर्षानुवर्षे चाललेला असतो. त्यावर सिमेंटचे कडक कवच चढवले की पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. ते भिंतीतच वर चढते, सोबत क्षार आणते. लोणा लागतो, विटा भुसभुशीत होतात. भिंतीत रोवलेली तुळईची टोके कुजायला लागतात ती इथेच, आणि हे बाहेरून दिसत नाही. मग दुकानदार आतून लावायचा ‘डॅम्प प्रूफ’ रंग देतो, म्हणजे उरलेली वाटही बंद.

आमच्याच शहरात बीबी का मकबरा उभा आहे. लोक त्याला सगळा संगमरवरी समजतात. प्रत्यक्षात त्याचा बराच मोठा भाग दगडावर केलेल्या चुन्याच्या गिलाव्याचा आहे, आणि तो सतराव्या शतकातला. त्याच्या सावलीत वाढलेल्या मला चुना म्हणजे झाडाच्या बुंध्याला फासायची गोष्ट वाटत होती. मी कंत्राटदाराला ‘चांगले प्लास्टर कर’ म्हणालो. त्याला जे येत होते ते त्याने चांगले केले. आपले घर कशाचे बनले आहे हे मालकालाच माहीत नसेल, तर विश्वासू माणूसही ते विश्वासाने बिघडवील.

खरी शरम यानंतर वाट्याला आली. दुरुस्तीत मोठ्या बाजीने ऐंशी हजार दिले होते, आपल्या बांगड्या मोडून. पोपडा पडल्यावर ती आली. भिंत पाहिली आणि शांतपणे विचारले, ‘हिसाब दिखा.’ माझ्याकडे हिशेब नव्हता. डायरीत चार तारखा आणि चार आकडे, तेही पेन्सिलने. तिने आवाज चढवला नाही. ‘मैं तेरेपे शक नही कर रही’ एवढेच म्हणाली. ती असे म्हणाली म्हणजे शकाला जागा मी ठेवली होती.

आपल्याकडे कागद मागणे म्हणजे समोरच्याच्या नियतीवर शंका घेणे, अशी समजूत घट्ट बसली आहे. ती कुठून आली मला कळत नाही. कुराणातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकराची २८२वी, नमाज-रोजाबद्दल नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, हे सांगणारी ती आयत आहे. घरातल्या भांडणांत मजहबचे दाखले देणारे आम्ही, वाटणीच्या वेळी शरियत आठवणारे आम्ही, नेमके हे विसरतो. अर्धी रक्कम आधी देऊन काम पुढे करून घ्यायचे, हा उधारीचाच व्यवहार नाही का?

कायद्याच्या बाजूनेही तेच. महारेरा बिल्डरच्या नव्या प्रकल्पांसाठी आहे, आमच्या भिंतीसाठी नाही. ग्राहक कायद्यात मात्र घरबांधणी ही ‘सेवा’ धरली जाते, म्हणजे जिल्हा ग्राहक आयोगाचे दार आहे. एका वकील मित्राला विचारले. तो म्हणाला, जा, पण नेणार काय? पावती नाही, करार नाही, माप नाही.

आणि कंत्राटदार पळतो का, हेही समजून घेतले पाहिजे. लहान कंत्राटदाराकडे भांडवल नसते. तुमच्या अॅडव्हान्समधून तो आधीच्या घराची मजुरी भागवतो, पुढच्या घराच्या अॅडव्हान्समधून तुमची वाळू आणतो. मधला एक मालक शेवटचा हप्ता बुडवतो आणि सगळी साखळी तुटते. असे मालक आमच्या मोहल्ल्यातही आहेत. फरशी बसली की ‘देखते हैं’ सुरू होते. त्यांच्याबद्दल आपण कधी बोलत नाही.

या वेळी गवंडीकाकांबरोबर एक पान मराठीत लिहिले. कोणती भिंत, किती चौरस फूट, दारे-खिडक्या वजा. सिमेंट काढून भिंत वाळू द्यायची, त्याआधी गिलावा नाही. चुना कळीचा, आमच्यासमोर विरवायचा, सोबत वाळू आणि विटांचा चुरा. पैसे टप्प्याटप्प्याने, त्या त्या दिवशी. दहावा हिस्सा एक पावसाळा काढल्यावर. सरकारी कामात अशी अनामत राखतातच. काम दीडपट महाग पडते आहे आणि फार हळू चालले आहे. भाऊ अजून कुरकुरतो.

सही करताना काकांनी खिशातून घडी केलेला दुसरा एक कागद काढला. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या पुतण्यासाठी. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायची तर वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पोरगा चार वर्षे गवंडीकाम करतो आहे, पण त्याच्याकडे सिद्ध करायला काही नाही. कुठल्याच कंत्राटदाराने सही दिली नाही. ‘आपलाच पोरगा आहेस, कागद कशाला,’ असे त्यालाही सांगितले गेले होते.

आमच्याकडे त्याचे अजून ९० दिवस भरलेले नाहीत. बाजीने त्याच्यासाठी एक वही घातली आहे. रोज संध्याकाळी तो आपली तारीख लिहितो, खाली अम्मी उर्दूत सही करते. भिंत अजून वाळते आहे.