साहेबांना कोण सांगणार?

पुस्तकांच्या कोणत्याही बऱ्या दुकानात आता ‘नेतृत्व’ या विषयाचे एक स्वतंत्र कपाट असते. मुखपृष्ठावर बहुधा डोंगराच्या टोकावर उभा असलेला एक माणूस, आणि आत यशस्वी उद्योगपतीच्या गुणांची यादी. दूरदृष्टी, धडाडी, चिकाटी, आत्मविश्वास, जोखीम घेण्याची तयारी. या यादीशी माझे भांडण नाही. अडचण एवढीच, की बँकेच्या नोकरीत ज्यांचे धंदे बुडताना मी जवळून पाहिले, त्यांच्यापाशीही हे सारे गुण होते. काहींपाशी तर ते जरा जास्तच होते. आत्मविश्वास नसलेला माणूस सहसा मोठे कर्ज मागायला येतच नाही.

मग तरणारा आणि बुडणारा यांत फरक कोणता? कर्जाचे अर्ज तपासण्यात, कारखान्यांच्या गोदामांतून माल मोजत फिरण्यात आणि थकलेल्या खात्यांचा पाठपुरावा करण्यात आयुष्याची तीसएक वर्षे गेली. त्यातून माझ्यापुरते एक उत्तर मला सापडले. ते या पुस्तकांच्या यादीत सहसा नसते. धंद्यातली वाईट बातमी मालकापर्यंत किती लवकर पोहोचते, यावर त्या धंद्याचे भवितव्य ठरते. आणि ती पोहोचावी अशी व्यवस्था जो करतो, तो खरा नेता.

बँकेच्या तपासणीचा एक प्रघात असतो. कॅश क्रेडिट खाते असलेला कारखानदार दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देतो. कच्चा माल किती, तयार माल किती, येणी किती. अधिकारी अधूनमधून जाऊन ते प्रत्यक्षाशी ताडून पाहतो. आकडे सगळेच पाहतात. मी आकड्यांबरोबर माणसेही पाहू लागलो. एका कारखान्यात मी हिशेबनिसाला एखादा साधा प्रश्न विचारला, की तो उत्तर देण्याआधी मालकाच्या चेहऱ्याकडे पाही. गोदामपाल हिशेबनिसाकडे पाही. मालक मोठे उमदे होते, बोलणे रुबाबदार, केबिन गुळगुळीत. पण त्या इमारतीत खरे बोलायला परवानगी लागत होती. पुढे ते खाते थकले, तेव्हा सर्वांत जास्त आश्चर्य मालकांनाच वाटले. कारण तोपर्यंत त्यांना कुणी काही सांगितलेच नव्हते.

उलट, ओतीव सुटे भाग बनवणारे एक लहान कारखानदार होते. एके सकाळी ते स्वतःहून बँकेत आले आणि खुर्चीवर टेकण्याआधीच म्हणाले, “साहेब, पुण्याच्या पार्टीने आमचा अर्धा माल परत पाठवलाय. या महिन्यात हप्त्याला उशीर होईल.” माल परत आल्याचे त्यांना कुणी कळवले, असे मी विचारले. “भट्टीवरच्या पोराने. साच्याच्या वाळूत ओल राहतेय, हे आठ दिवसांपूर्वीच सांगत होता. आम्हीच घाई केली.” ज्या मालकाला भट्टीवरचा पोरगा ‘तुमचे चुकतेय’ असे सांगू शकतो आणि तो मालक ते बँकेत येऊन बोलू शकतो, त्याला मुदत वाढवून द्यायला मला फार विचार करावा लागला नाही. त्यांनी हप्ते फेडले.

वाईट बातमीचा स्वभावच असा, की ती जिना चढताना दमते. यंत्रावरचा कामगार म्हणतो, “बेअरिंग गेलेय, दोन दिवसांत मशीन बंद पडेल.” फोरमन सुपरवायझरला सांगतो, “मशीन थोडे आवाज करतेय.” सुपरवायझर मॅनेजरला कळवतो, “किरकोळ देखभाल करून घेऊ.” आणि मॅनेजर साहेबांना लिहितो, “देखभालीचे काम नियोजनानुसार चालू आहे.” यात खोटे कुणीच बोललेले नसते. प्रत्येकाने आपापल्या पायरीवर कडू गोळीवर थोडी साखर लावलेली असते, एवढेच. साहेबांच्या टेबलावर पोहोचते ती निव्वळ साखर. मराठीत ‘होयबा’ असा एक झकास शब्द आहे. आपण तो त्या लाचार माणसाला चिकटवतो. पण होयबा जन्माला येत नाही, त्याला साहेब घडवतो. खरे बोलणाऱ्याची दोनदा खरडपट्टी निघाली, की तिसऱ्यांदा तो साहेब म्हणतील ती पूर्व दिशा मानू लागतो.

म्हणून मोठ्या उद्योगांतल्या जाणत्या माणसांनी हा जिनाच टाळण्याच्या युक्त्या काढलेल्या दिसतात. सुमंत मूळगावकर हे आपल्याकडचे ठळक उदाहरण. टेल्को, म्हणजे २००३ पासूनची टाटा मोटर्स, हिची उभारणी करणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी. डेमलर-बेंझ या जर्मन कंपनीशी १९५४ मध्ये करार होऊन जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले, साठीच्या दशकात पुण्याचा कारखाना आला. त्यांच्याविषयी एक हकीगत उद्योगवर्तुळात वर्षानुवर्षे सांगितली जाते. दुपारच्या जेवणाच्या वेळी साहेब गाडी काढून कुठेतरी निघून जात. कनिष्ठ अधिकाऱ्यांना वाटे, बडे विक्रेते त्यांना पंचतारांकित हॉटेलात जेवू घालत असणार. शेवटी एकदा पाठलाग केला, तर साहेब महामार्गावरच्या एका धाब्यावर ट्रक ड्रायव्हरांच्या पंगतीला बसलेले. टेल्कोच्या ट्रकमध्ये काय आवडते आणि काय आवडत नाही, हे ते विचारत होते. हकीगतीत तिखटमीठ किती, हे बाजूला ठेवू. ती टिकून राहिली, कारण तिच्यात धंद्याचे मर्म आहे. ट्रकच्या दोषांविषयीचा अहवाल त्यांना केबिनमध्येही मिळाला असता. पण ड्रायव्हर ज्या भाषेत गिअरबॉक्सचा उद्धार करतो, ती भाषा अहवालात उतरत नाही. १९९४ मध्ये बाजारात आलेल्या ‘सुमो’ गाडीला मूळगावकरांच्याच नावातली पहिली अक्षरे दिली गेली, हे आज अनेकांच्या ध्यानीही नसेल.

दुसरे उदाहरण गिरगावातले. १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणींनी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. त्यातून पुढे ‘लिज्जत’ उभे राहिले. या संस्थेत पापड लाटणाऱ्या बहिणी याच मालक. नफाही त्यांचा आणि तोटाही त्यांचाच. पहिल्याच वर्षी पावसाळा आला आणि पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, आणि बाहेर पाऊस पडत असतानाही पापड वाळू लागले. या उपायासाठी कोणी सल्लागार नेमावा लागला नाही. ज्यांचे हात पिठात होते, अडचण त्यांना दिसत होती आणि निर्णयही त्यांच्याच हाती होता. बातमीला चढायला जिनाच नव्हता. नेतृत्व म्हणजे एकच माणूस आणि त्याची एकच खुर्ची, ही आपली समजूत या सात जणींनी गच्चीवरच निकालात काढली.

आणि तिसरे उदाहरण गिऱ्हाइकाच्या नकाराचे. वाईट बातमी काही कारखान्याच्या आतूनच येते असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडली. बेळगावात सायकलचे दुकान, मग कडबा कापायची यंत्रे, आणि त्यानंतर लोखंडी नांगर. शेतकऱ्यांची समजूत अशी, की लोखंडाने जमिनीला विष चढते. पहिले सहा नांगर विकले जायला दोन वर्षे लागली! ‘लोक अडाणी आहेत’ असे म्हणून हात झटकायला ही दोन वर्षे पुरेशी होती. पण शेतकऱ्याच्या शंकेचा राग न धरता ते तिला पुरून उरले. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथेच १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. मराठी घराघरांत पुढे गेलेले ‘किर्लोस्कर’ मासिक मुळात या कारखान्याचे बातमीपत्र होते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. बातमी फिरती ठेवणे हाही कारखान्याच्या कामाचाच भाग आहे, हे त्या माळावर कुणाला तरी उमगले होते.

बातमी दाबली, की काय होते? ‘सत्यम’ या हैदराबादच्या संगणक कंपनीची कहाणी फार जुनी नाही. १६ डिसेंबर २००८ रोजी कंपनीच्या संचालक मंडळाने एक ठराव मंजूर केला. अध्यक्षांच्या कुटुंबीयांशी निगडित असलेल्या ‘मेटास’ नावाच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घेण्याचा. ‘सत्यम’चे इंग्रजी स्पेलिंग उलटे वाचले, की ‘मेटास’ होते. मंडळावर नामवंत, विद्वान माणसे होती. तरी ठराव आत मंजूर झाला आणि बाहेर भागधारकांनी गदारोळ केल्यावर काही तासांत मागे घ्यावा लागला. मग ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांचे कबुलीपत्र आले. हिशेबात दाखवलेल्या रोख आणि बँकेतल्या शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते! पत्रात त्यांनी म्हटले होते, की खरा नफा आणि दाखवलेला नफा यांतले अंतर सुरुवातीला किरकोळ होते. ते वर्षागणिक वाढत गेले.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला या ‘किरकोळ’ शब्दाची धडकी भरते. धंद्यात एखादी तिमाही वाईट जाणे हा गुन्हा नव्हे. त्या पहिल्या तिमाहीची वाईट बातमी तेव्हाच सांगितली असती, तर शेअर चार दिवस पडला असता आणि पुन्हा उठला असता. ती न सांगितल्यामुळे सुमारे पन्नास हजार नोकरदारांच्या घरी त्या जानेवारीत काय रात्री गेल्या असतील, याची कल्पना करा. घरकर्जाचे हप्ते, मुलांच्या शाळा, ठरलेली लग्ने. सरकारने जुने मंडळ बरखास्त करून नवे नेमले, जे होते ते उघड मांडले गेले आणि चार महिन्यांच्या आत, एप्रिल २००९ मध्ये, पुण्याच्या टेक महिंद्रने ती कंपनी घेतली. म्हणजे सत्य कळल्यावर गिऱ्हाईक मिळाले. कंपनीत काम करणारी माणसे गुणी होतीच.

यावर एक आक्षेप हमखास येतो. सगळ्यांचे ऐकत बसले तर निर्णय कधी घ्यायचा? धाक नसेल तर कामे होतील का? आक्षेप रास्त आहे. पण ऐकणे म्हणजे मानणे नव्हे. ड्रायव्हराने सांगितलेली प्रत्येक सूचना ट्रकमध्ये उतरत नसते. काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे अखेर नेत्यानेच ठरवायचे असते. सगळे ऐकून घेऊन मग ठामपणे नाही म्हणणारा माणूस मला दुबळा वाटत नाही. आणि धाकाचे म्हणाल, तर धाकाने माणसे वेळेवर हजर होतात, हे खरे. पण हजेरीपटावर सही करणारा माणूस डोळ्यांना दिसलेले तोंडाने सांगेलच, याची हमी कोणताही धाक देत नाही.

ही सवय लावून घ्यायला पैसा लागत नाही. काही बिघडल्याचे कळताच “कुणी केले?” हा प्रश्न पहिला न विचारता “काय झाले, आणि आता काय करायचे?” एवढेच आधी विचारावे. ज्याने चूक आपणहून सांगितली त्याची, आणि जी लपवून ठेवली गेली तिची, शिक्षा एकच नसावी. जिथे काम चालते तिथे आठवड्यातून एकदा तरी, लवाजमा न घेता, जावे. आणि बैठकीत आपले मत सर्वांत शेवटी सांगावे. साहेबांनी तोंड उघडले, की बाकीच्यांची मते आपोआप जुळू लागतात.

रविवारी सकाळी हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचे कारखाने नसतील. कुणाचे किराणा दुकान असेल, कुणाचा पोळीभाजीचा घरगुती व्यवसाय, कुणाच्या हाताखाली कचेरीत चार माणसे. तिथेही हाच नियम लागू आहे. दुकानातला पोऱ्या “शेठ, त्या बाई परत यायच्या नाहीत, आपण वजनात कमी दिले” असे म्हणू शकतो का? पोळ्या लाटणाऱ्या मावशी “ताई, या वेळची कणीक बरी नाही” असे सांगू शकतात का? आणि त्याहीपेक्षा जवळचे पाहायचे, तर घराकडे पाहा. वार्षिक परीक्षेचे प्रगतिपुस्तक घेऊन मूल घरी येते, तेव्हा ते सरळ तुमच्यासमोर धरते, की आईला मध्ये घालते, की दप्तराच्या तळाशी ठेवते? हे त्याच्या गुणांवर अवलंबून नसते. मागच्या खेपेला गुण कमी पडले, तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला होता, यावर ते अवलंबून असते.