पिस्तूलबंदीनें खून थांबतात काय?

आमच्या परिचयाच्या नागपुरांतील एका कुटुंबांत वडील गृहस्थ निवर्तले आणि त्यांच्या कपाटांत परवान्याचें जुनें पिस्तूल निघालें. थोरले चिरंजीव म्हणतात, घराच्या रक्षणास तें असूं द्यावें; धाकट्या सूनबाई म्हणतात, लेंकरांच्या घरांत तें नको. आमचें मत विचारण्यांत आलें, म्हणून हा प्रपंच.

शस्त्रबंदीविषयीं आपल्या मनांत जो रोष आहे तो निष्कारण नाहीं. १८७८ च्या कायद्यानें परक्या सरकारनें प्रजेस निःशस्त्र केलें. १९२७ सालीं याच नागपुरांत जनरल मंचरशा आवारी यांनीं उघड तलवार धारण करून तो कायदा मोडला व कारावास पत्करला. परंतु तो लढा स्वाभिमानाचा होता. बंदीनें खून कमी होतात कीं नाहीं, हा प्रश्न निराळा. स्वतंत्र भारतानेंही १९५९ च्या कायद्यानें परवान्याची पद्धत कायम ठेविली.

परदेशचा अनुभव संमिश्र आहे. डनब्लेनच्या शाळेंत १९९६ सालीं १६ बालकें व त्यांची शिक्षिका गोळ्यांस बळी पडल्यावर ब्रिटननें खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. तेथें बंदुकीचे खून मुळांतच थोडे. तरी पुढील कांहीं वर्षें पिस्तुलाचे गुन्हे वाढले व नंतर उतरले. वॉशिंग्टन शहरांत १९७६ पासून नव्या पिस्तुलांस मनाई होती. तरी १९९१ सालीं तेथें चारशेंहून अधिक खून झाले, कारण शेजारच्या राज्यांतून शस्त्रें येतच होतीं. ऑस्ट्रेलियानें मात्र १९९६ नंतर देशभर एकच नियम लावून सुमारें साडेसहा लाख बंदुका परत घेतल्या. तेथें गोळीचे मृत्यु, विशेषतः आत्महत्या, कमी झाले. उतार मात्र आधींच लागला होता. एकाच शेताला कुंपण घालून गांवचीं गुरें थांबत नाहींत, हेंच यांतून दिसतें.

आपल्याकडे गोळीनें होणारे बहुतेक खून बेपरवाना शस्त्रांचे असतात. बिहारांतील मुंगेर, किंवा आपल्या चोपडें तालुक्याच्या सीमेवरील उमर्टी, येथील चोरट्या कट्ट्यांस परवाना कोण विचारतो? शिवाय क्रोधास बंदूकच लागते असेंही नाहीं. २००४ सालीं नागपुरच्या न्यायालयांत जमावानें एका गुंडाचा जीव घेतला, तो सुऱ्यांनीं व दगडांनीं.

मग बंदी व्यर्थ काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. काठी उगारणाऱ्याचा हात धरतां येतो; सुटलेली गोळी धरतां येत नाहीं. घरांतल्या पिस्तुलानें चोर मरण्यापूर्वीं घरचेंच माणूस, रागाच्या किंवा निराशेच्या एका क्षणीं, दगावण्याचें भय मोठें. शिवाय स्वतःच्या परवान्यावांचून वारसास तें जवळ ठेवण्याचा अधिकारच नाहीं. तें पोलिस ठाण्यांत किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा केलें पाहिजे.

थोरल्या चिरंजीवांनीं दाराचीं कुलुपें मजबूत करावीं, शेजाऱ्यांशीं सलोखा ठेवावा, आणि या खेपेस सूनबाईंचें ऐकावें.