घरच्या संगणकासाठी अँटिव्हायरस

अँटिव्हायरस घातक प्रोग्राम दोन रीतींनी ओळखतो. पहिली रीत खुणांची. आधी सापडलेल्या व्हायरसच्या खुणांची यादी त्याच्याजवळ असते आणि उघडली जाणारी प्रत्येक फाइल तो या यादीशी ताडून पाहतो. नवे व्हायरस रोज निघतात, म्हणून यादीही रोज अपडेट व्हावी लागते. दुसरी रीत वागणुकीची. एखादा अनोळखी प्रोग्राम फोटो आणि कागदपत्रे भराभर कुलूपबंद करू लागला, तर यादीत नाव नसले तरी त्याला रोखले जाते. फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरपासून बचाव मुख्यतः या दुसऱ्या रीतीने होतो.

फ्लॉपीच्या जमान्यात असे सॉफ्टवेअर वेगळे विकत घ्यावे लागे. पुण्यात कैलास काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानात व्हायरस लागलेले संगणक येत. त्यांवर उपाय म्हणून त्यांचे बंधू संजय काटकर यांनी प्रोग्राम लिहिले आणि त्यांतूनच ‘क्विक हील’ उभे राहिले. पुढे २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने ‘डिफेंडर’ हा अँटिव्हायरस विंडोजमध्येच दिला. त्यामुळे आज निवडीची सुरुवात दुकानापासून होत नाही. संगणकात आधीपासून काय आहे, हे पाहण्यापासून होते.

त्यासाठी ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडावे. नव्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा एखाद्या कंपनीची चाचणी आवृत्ती घातलेली असते. ती चालू असेपर्यंत डिफेंडर बाजूला होतो. मुदत संपल्यावर ती आवृत्ती तशीच पडून राहिली, तर संगणकाला नक्की कोणाचे संरक्षण आहे याचा पत्ता लागत नाही. ती विकत घ्यावी किंवा काढून टाकून डिफेंडर चालू असल्याची खात्री करावी. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवू नयेत. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक रेंगाळतो.

विंडोजचे अपडेट बंद असतील, तर महागडा अँटिव्हायरसही अपुरा पडतो. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला. तो ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, हे जुना संगणक वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. चोरीच्या विंडोजचे ‘क्रॅक’ तर स्वतःच व्हायरस घेऊन येऊ शकतात.

अपडेट वेळेवर होत असतील आणि वापर बँकेचे व्यवहार, ईमेल व मुलांचा अभ्यास एवढाच असेल, तर डिफेंडर बहुतेक घरांना पुरतो. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेले पेन ड्राइव्ह वारंवार लावले जात असतील, मुलांसाठी संकेतस्थळांवर बंधने हवी असतील किंवा अडचणीच्या वेळी फोनवर मदत हवी असेल, तर विकतच्या पर्यायाचा विचार करावा. त्याआधी हवी ती सोय विंडोजमध्ये फुकट आहे का, हे पाहावे. मुलांवरील बंधनांची सोय त्यात आहे.

विकत घेताना जाहिरातीपेक्षा स्वतंत्र चाचण्यांवर भिस्त ठेवावी. जर्मनीतील मॅग्डेबर्गची ‘एव्ही-टेस्ट’ आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची ‘एव्ही-कंपॅरेटिव्हज’ या संस्था आपले निकाल फुकट पाहू देतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, संगणकावर पडणारा भार आणि वापरातली सुलभता यांना प्रत्येकी ६, असे १८ पैकी गुण देते. चांगल्या फाइलींना उगाच व्हायरस ठरवण्याची खोड सुलभतेचे गुण घटवते. पहिल्या काही नावांतला फरक सहसा किरकोळ असतो, म्हणून एका निकालावर न जाता लागोपाठच्या निकालांतले सातत्य पाहावे. संगणक जुना आणि रॅम ४ जीबी असेल, तर भाराच्या गुणांना अधिक महत्त्व द्यावे. तेवढ्यावर न थांबता चाचणी आवृत्ती स्वतःच्या संगणकावर चालवून पाहावी.

अँटिव्हायरसला संगणकातले सगळे दिसते, म्हणून कंपनी त्या माहितीचे काय करते हेही पाहावे लागते. ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती उपकंपनीमार्फत विकल्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ साली ‘अवास्ट’ला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. फुकटच्या आवृत्तीच्या अटी वाचून माहिती पाठवण्याचे पर्याय बंद करावेत.

किमतीत पहिल्या वर्षाची सवलत फसवी ठरू शकते. दुसऱ्या वर्षाचा दर, किती संगणकांवर चालणार आणि नूतनीकरणाचे पैसे खात्यातून आपोआप कापले जाणार का, या गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. व्हीपीएन किंवा ‘संगणक वेगवान करणारी’ साधने गरज नसताना घेऊ नयेत.

फोनवरच्या भामट्याला वापरकर्त्यानेच ओटीपी सांगितला किंवा त्याच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारे ॲप घातले, तर अँटिव्हायरस सहसा काही करू शकत नाही. असे पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. रॅन्समवेअरमधून फाइली सुटतीलच याचीही हमी नसते. फोटो आणि कागदपत्रांची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम झाल्यावर ती डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिली, तर संगणकाबरोबर तिच्यातल्या फाइलीही कुलूपबंद होतात.