कळ सोसायची तरी किती?

परवा धाकट्या जावेचं पिशवीचं ऑपरेशन झालं. पोट उघडूनच करावं लागलं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले, तर बाईसाहेब उशीला टेकून चहा पीत बसलेल्या! मला माझं १९९८ चं सिझर आठवलं. रात्रभर कण्हत होते आणि सिस्टर म्हणत होत्या, "अहो, बायकांना हे व्हायचंच." सासूबाईंचंही तेच. खोकला आला की टाक्यांवर उशी दाबायची आणि देवाचं नाव घ्यायचं. बाळाला जवळ घ्यायचीसुद्धा भीती वाटायची.

जावेला वेगळं काय दिलं, म्हणून मी भूलतज्ज्ञ मॅडमना गाठलंच. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटाच्या बाजूला स्नायूंचे तीन थर असतात. कापलेल्या जागेची वेदना नेणाऱ्या नसा आतल्या दोन थरांच्या मधून जातात. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई नेमकी तिथं न्यायची आणि दोन्ही बाजूंना बधिर करणारं औषध सोडायचं. याला टॅप ब्लॉक म्हणतात. २००१ मध्ये हे पहिल्यांदा मांडलं गेलं तेव्हा हाताला लागणाऱ्या खुणांवरून सुई घालत. २००७ मध्ये पडद्यावर बघून घालायची रीत आली. मग बरेच तास टाके शांत. आतली कळ मात्र यानं जात नाही, त्यासाठी बाकीची औषधं लागतातच. आणि सिझरला मणक्यातल्या इंजेक्शनात मॉर्फिन दिलं असेल तर याचा फारसा जादा फायदा नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

मग गावोगावी हे का नाही? तर सोनोग्राफी मशीन म्हटलं की गर्भलिंगनिदानाचा कायदा आला. महाराष्ट्रानं तो १९८८ मध्ये केला, देशानं १९९४ मध्ये. आपल्याकडचे भूलतज्ज्ञ सकाळी या दवाखान्यात, दुपारी त्या. मशीन गाडीत टाकून नेता येत नाही. ते नोंदलेल्या जागीच वापरायचं. मी या कायद्याच्या बाजूचीच आहे, लेकींसाठीच तर तो झाला. तो सैल करा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण दवाखान्यानं मशीन घेऊन भूलतज्ज्ञांच्या वापरासाठी रीतसर कागदपत्रं करायला काय हरकत आहे? किचकट असेल, अशक्य नाही. वेटिंग रूममध्ये एसी बसवायला पैसे निघतातच की!

आणि खरं सांगू? आपण विचारतच नाही. बिल किती, टाके कधी काढणार, भात चालेल का, सगळं विचारतो. दुखण्याचं काय, हे नाही. दुखतं म्हणून बाई खोल श्वास घेत नाही, उठून चालत नाही, आणि त्यातून छातीत कफ, पायात रक्ताच्या गाठी अशी दुखणी मागे लागू शकतात.

पुढच्या महिन्यात भाचीचं सिझर ठरलंय. तिच्या डॉक्टरांना मी सरळच विचारलं, "नंतर दुखू नये म्हणून काय देणार?" ते जरा चमकलेच. "आजवर कुणी विचारलं नव्हतं," म्हणाले, आणि चिठ्ठीवर भूलतज्ज्ञांचा नंबर लिहून दिला.