रस्त्यावरच्या मदतीची वर्गणी : आधी हिशेब, मग पावती

टोमॅटोचे क्रेट भरून पिकअप पिंपळगाव बसवंतच्या लिलावाला निघावी आणि अर्ध्या वाटेत तिने मान टाकावी, हा अनुभव वणी परिसराला नवा नाही. माल नाशवंत, लिलाव कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी मदतीला येईल तो देवच वाटतो. ही नड ओळखूनच 'रोडसाइड असिस्टन्स'ची वार्षिक वर्गणी विकली जाते. ती भरावी की नाही?

शेतकरी बंधूंनो, वर्गणीत काय मिळते ते आधी पाहा. पंक्चर झाल्यास चाक बदलणे, उतरलेली बॅटरी चालू करून देणे, डिझेल आणून देणे (डिझेलचे पैसे बहुधा आपलेच) आणि ठराविक किलोमीटरपर्यंत गाडी टोचन करून नेणे. गाडी गॅरेजला पोचेल. पण क्रेट बाजारात कोण पोचवणार? भाव पडला, माल नासला, तर त्याची भरपाई या वर्गणीत सहसा नसते. शिवाय खासगी कारसाठीची योजना मालवाहू गाडीला चालेलच असे नाही. एजंट तोंडी काहीही सांगेल, कागदावर काय आहे ते वाचा.

दुसरे असे की, हीच सेवा तुमच्याकडे आधीच असू शकते. नव्या गाडीबरोबर कंपनी काही काळ ती देते, विम्यातही जोडून मिळते. पॉलिसी न बघता वर्गणी भरणे म्हणजे एकाच बैलाला दोन वेसणी. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ हा क्रमांक आहेच. टोलच्या रस्त्यावर गस्तीची गाडी आणि क्रेन ठेवणे ही टोलवाल्यांची जबाबदारी आहे. आपण टोल भरतो तो काय फुकटचा?

आता हिशेब. समजा, वर्गणी वर्षाला दीड हजार आणि क्रेनवाला एका खेपेचे चार हजार घेतो. तीन वर्षांत एकदाच क्रेन लागली तर भरले साडेचार हजार, वाचले चार हजार. दोनदा लागली तर मात्र वर्गणी फायद्याची. आपली गाडी तीन वर्षांत किती वेळा ओढून न्यावी लागली, ते आठवा आणि मग ठरवा.

आमचे मत स्पष्ट आहे. वणी, दिंडोरी, पिंपळगाव एवढ्यातच फिरणाऱ्याला ओळखीचा मेकॅनिक, भरलेली स्टेपनी आणि मजबूत दोर पुरे. सापुताऱ्याचा घाट उतरून सुरतेकडे किंवा रात्री-अपरात्री वाशीला माल नेणाऱ्याने वर्गणी जरूर भरावी. पण मदतीची गाडी आपल्या रस्त्यावर खरेच येते का, हे त्या भागातल्या दोन वर्गणीदारांना विचारून घ्यावे. पैसे घेऊन सेवा दिली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

सरपंच आणि ग्रामसेवकांनाही एक सांगणे. फाट्यावर एक पाटी लावा. तिच्यावर १०८, ११२, १०३३ आणि जवळच्या क्रेनवाल्याचा नंबर लिहा. नवरात्रात आणि चैत्रात सप्तशृंग गडाच्या वाटेवर परगावच्या कितीतरी गाड्या असतात. पाटीला खर्च थोडा, पण अंधारात अडकलेल्या माणसाला तिचा आधार मोठा.