अकरा वर्षांच्या गुप्तहेराला नापास का करता?

मा. संपादक,

ॲलन ब्रॅडली यांच्या ‘द स्वीटनेस ॲट द बॉटम ऑफ द पाय’ (२००९) या पहिल्या कादंबरीचं परीक्षण आपल्या अंकात वाचलं. अकरा वर्षांची अननुभवी मुलगी खुनाचा छडा लावते हे पटत नाही, हा परीक्षकांचा मुख्य आक्षेप. मला तो मुळीच मान्य नाही.

फ्लाव्हिया डी ल्यूसला सगळं येतं, असा लेखकाचा दावाच नाही. तिला येतं ते रसायनशास्त्र, त्यातही विषं. १९५० सालचं बिशप्स लेसी हे इंग्लंडमधलं काल्पनिक खेडं. तिथे घरच्या काकडीच्या वाफ्यात एक अनोळखी माणूस तिच्यासमोर प्राण सोडतो. ती घाबरत नाही, उलट हरखून जाते. विषांबद्दल विचारा, घडाघडा सांगेल. पण बापाच्या मनात काय चाललंय, याचा तिला पत्ता नाही. आणि रहस्य दडलंय नेमकं त्या बापाच्या शाळकरी दिवसांत! तिचं अननुभवी असणं कथेला असं कामी येतं.

तिचे पराक्रम परीक्षकांना खुपले, चुका दिसल्या नाहीत. मृत माणूस गावातल्या ज्या सराईत उतरला होता, तिथल्या खोलीत शिरून ती टपालतिकिटं उचलते आणि पोलिसांना न देता स्वतःकडेच ठेवते. बापाला अटक झाल्यावर ‘खून मीच केला’ म्हणून सांगते. इन्स्पेक्टर ह्यूइट यांचा त्यावर काडीचाही विश्वास बसत नाही. शेवटी तर एकटीच पुढे जाऊन अशी अडकते, की सोडवायला दुसऱ्याला धावावं लागतं. तिला माहिती मिळते कशी, म्हणाल तर लहान गावात पोलीस दिसले की लोक तोंड मिटून घेतात. सायकलवरून हिंडणाऱ्या पोरीसमोर मात्र सहज बोलून जातात. यात न पटण्यासारखं काय आहे?

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजारवर वाढलेल्या आपल्या वाचकांना शाळकरी नायक पचत नाही, असंही म्हणता येत नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे शाळकरी पोरच होता. त्याचे उद्योग आपण बिनतक्रार वाचले. मग फ्लाव्हियाचीच एवढी उलटतपासणी का? मुलगी म्हणून तर नव्हे?

दोष काढायचाच, तर तो दुसरीकडे आहे. कोठडीतले वडील शाळेतली हकिकत सांगू लागतात, ती संपता संपत नाही. तपास ठप्प आणि फ्लाव्हिया नुसती श्रोती! ब्रॅडलींना २००७मध्ये ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनचा ‘डेब्यू डॅगर’ पुरस्कार मिळाला, तो याच कादंबरीच्या सुरुवातीवर आणि कथासारांशावर. पुस्तक पूर्ण व्हायचं होतं. सुरुवात इतकी घोटीव आणि मधला भाग सैल, याचं कारण तेच असावं, असा माझा तर्क आहे. परीक्षकांनी या सैलपणाबद्दल अवाक्षरही काढलेलं नाही.

आपला,
एक वाचक, सातारा