रीतीचा सातबारा

१३ मे २०२३ च्या रात्री त्र्यंबकेश्वरात पीर गुलाबशाह वली यांच्या संदलची मिरवणूक मंदिराच्या उत्तर दरवाजाशी आली. मंदिरात फक्त हिंदूंना प्रवेश आहे आणि मिरवणुकीतले काही जण आत शिरू पाहत होते, अशी तक्रार देवस्थानाने केली. आम्ही पायरीवरूनच त्र्यंबकराजाला धूप दाखवतो, आत कधी जात नाही, ही जुनी रीत आहे, असे संदल काढणाऱ्यांचे म्हणणे. चार दिवसांत गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथकाची घोषणा झाली आणि हिंदू महासभेच्या कार्यकर्त्यांनी दरवाजाशी गोमूत्र शिंपडले. पायरी ओलांडली की नाही, हे तपासाने सांगावे. पण त्या चार दिवसांत प्रश्नच बदलला. ‘आत कोण गेले?’ याची जागा ‘पायरी कोणाची?’ याने घेतली. धर्मांधतेची सुरुवात बहुधा अशीच होते. ती रीतीकडे सातबारा मागते. शेजाराने चालत आलेल्या रीतीचा कागद कुठून आणणार?

हा सातबारा दोन्हीकडून मागितला जातो. दर्गा, उरूस, संदल हेच मुळात इस्लामबाह्य, असे सांगणारे मुसलमानांत आहेत. देवळासमोर धूप दाखवणे तर त्यांच्या लेखी उघड शिर्क, म्हणजे अल्लाशी दुसऱ्याला जोडण्याचे पाप. हिंदुत्ववाद्यांना त्याच धुरात अतिक्रमण दिसते. दोघांना हवी असलेली गोष्ट एकच: मधली पायरी रिकामी झाली पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढी गावचे कानिफनाथ शाह रमजान या नावानेही ओळखले जातात. तरीही तिथल्या ग्रामसभेने फेब्रुवारी २०२५ मध्ये यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी करण्याचा ठराव केला. बाहेरचे व्यापारी यात्रेआधीची पथ्ये पाळत नाहीत, हे त्यामागचे एक कारण. पथ्य मोडणाऱ्याला जरूर दंड करा; पण मोडणारा माणूस असतो, त्याचा अख्खा धर्म नव्हे.

‘मुस्लिम कट्टरतेबद्दल मात्र मौन’ हा असे लिहिणाऱ्यांवरचा आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाही. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, त्यांना आपल्याच समाजातून कडवा विरोध झाला आणि पुरोगामी म्हणवणाऱ्या अनेकांनी त्यांना एकटे पाडले. तेव्हा त्या कट्टरतेबद्दलही स्पष्ट बोललेच पाहिजे. त्रिपुरातल्या मुस्लिमविरोधी हिंसाचाराच्या निषेधासाठी १२ नोव्हेंबर २०२१ रोजी बंद पुकारला गेला आणि मालेगावात पोलिसांवर दगडफेक झाली. त्रिपुराशी मालेगावच्या पोलिसाचा काय संबंध होता? पण हाच प्रश्न १६ ऑगस्ट २०२४ लाही विचारावा लागतो. त्या दिवशी बांगलादेशातल्या हिंदूंवरील अत्याचारांच्या निषेधाचा बंद होता आणि नाशिकच्या भद्रकालीत दोन गट भिडले. ढाक्याचा जाब भद्रकालीतल्या दुकानदाराने का द्यावा? दूरच्या अन्यायाचा राग खरा असू शकतो. तो शेजाऱ्यावर काढायला शिकवणे हे मात्र राजकारण आहे, आणि ते दोन्हीकडचे पुढारी सारख्याच तयारीने करतात.

याहून अवघड आक्षेप वेगळा आहे आणि तो नाशिककरांनीच घ्यावा असा आहे: जुनी रीत म्हणजे चांगली रीत, हे कोणी ठरवले? २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा अस्पृश्यांना दाराबाहेर ठेवणाऱ्यांच्या तोंडी परंपराच होती. पाच वर्षे झगडूनही दार उघडले नाही; १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. म्हणून केवळ जुनेपणावर मी धुपाची बाजू घेत नाही. एक रीत माणसाला हाकलत होती, दुसरी बाहेर उभ्या माणसाला हात जोडू देते. मला हा फरक वयापेक्षा मोठा वाटतो. प्रवेशाचा देवस्थानाचा नियम या धुपाने मोडत नाही. तरीही देवस्थानाला पायरीवरचा धूप नको असेल, तर तो लादता येणार नाही. संदल काढणाऱ्यांनी तो नकार मानावा. फक्त तो नकार देवस्थानाने द्यावा, बाहेरून आलेल्या संघटनेने नव्हे. सिंहस्थाची गर्दी येण्याआधी जिल्हा प्रशासनाने देवस्थानाचे विश्वस्त, गावकरी आणि संदल काढणारे यांना एका खोलीत बसवावे, मिरवणूक कुठे थांबेल आणि धूप कुठून दाखवला जाईल ते कागदावर आणावे, आणि त्या खोलीत त्र्यंबकबाहेरच्या कोणालाही बोलावू नये.